शांतता बघायला तीन गाड्या

ऐकलंत का? आमच्या रायपुरात हल्ली पुरीला जाणं कमीपणाचं झालंय. ज्या पुरीला आमच्या दोन-तीन पिढ्या रात्रीच्या गाडीत दशम्या-चटणीचे डबे सोडत गेल्या आणि सकाळी समुद्रात पाय बुडवून आल्या, त्या पुरीचं नाव काढलं की समोरचा 'हो का?' म्हणतो आणि विषय बदलतो. चौबे कॉलनीतल्या एक वहिनी गेल्या थंडीत नवऱ्याला घेऊन गुपचूप जाऊन आल्या. कुणाला कानोकान खबर नाही. पण पुरीचा खाजा किती दिवस लपवणार? शेवटी वाटावाच लागला. "इथंच मिळाला हो, एका उडिया दुकानात," अशी सारवासारव झाली. शेजारीण कसली ऐकते! तिनं डब्याच्या तळाची पुरीच्या दुकानाची चिठ्ठी वाचली आणि दिवेलागणीपर्यंत अर्ध्या कॉलनीला कळलं की अमके अमके गर्दीत जाऊन आले. तेही दर्शनाच्या रांगेत उभे राहून! शिव शिव.

याला कारण नवं खूळ. जिथं कुणी जात नाही तिथंच जायचं. नाव नकाशात सापडलं तर ती जागा जरा हलकीच, रस्ता डांबरी असेल तर अजून हलकी, आणि तिथं भज्यांची गाडी दिसली की संपलंच सगळं. "आता तेही खराब झालं" म्हणायचं, गाडी वळवायची. आपली गाडी तिथं उभी राहण्याआधी भज्यांची गाडी नव्हती, हे कुणी बोलायचं नाही.

पूर्वी आमच्याकडं हळदीकुंकवाला मोठेपणा कशाकशाचा असायचा? सुनेच्या पगाराचा, पुण्यातल्या फ्लॅटचा, मुलाच्या कॅनडाचा. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर तो तोंडी लावायला मिळायचा आणि आपणही तो गोड मानून घ्यायचो. यंदा बघते तर सगळा मोठेपणा एका वाक्यात येऊन बसलेला. "तिथं कुणी म्हणजे कुणी नव्हतं!" एक म्हणाली, आम्ही गेलो तेव्हा दोनच गाड्या होत्या. दुसरी म्हणाली, आम्ही गेलो तेव्हा एकच, आणि तीही आमचीच. तिसरीनं वाणाची वाटी खाली ठेवली आणि सांगितलं की आमच्या जागेला तर गाडी पोचतच नाही, शेवटचे चार किलोमीटर पायी जावं लागतं. तिचे पाय अजून सुजलेले होते, पण पहिला नंबर तिचाच. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एका आजींनी विचारलं, "कुणीच नव्हतं तर तुम्हा दोघांचा फोटो कुणी गं काढला?"

त्यानंतर जी शांतता पसरली, तेवढी त्या चार किलोमीटरवरही नसेल.

फोटोचं प्रकरण तर वेगळंच आहे बाई. आता फोनमध्येच अशी सोय आलीये म्हणे, की मागं आलेली माणसं बोटानं पुसून टाकता येतात. म्हणजे रविवारी, जत्रेतल्यासारख्या गर्दीत उभं राहायचं आणि रात्री घरी अंथरुणात पडून एकेकाला पुसत बसायचं. टोपीवाला गेला, आइस्क्रीमवाला गेला, कडेवर पोर घेतलेली बाई पोरासकट गेली. आमच्या ओळखीतल्या एकानं सिरपूरच्या फोटोतून पहारेकरी पुसायला घेतला, तर त्याबरोबर मंदिराचा कोपराही गेला. चौदाशे वर्षांच्या ऊनपावसाला जे जमलं नाही, ते ह्यानं एका बोटानं करून दाखवलं. वर त्याच फोटोला तीनशे लाइक.

आणि गंमत ऐका. ज्यांना कुणीही न पाहिलेलं पाहिजे असतं, त्यांना ते कशासारखं तरी दिसायला मात्र हवं असतं. आपलं तेलीबांधा तळं काय वाईट होतं? पण ते आता मरीन ड्राइव्ह. धमतरीजवळचं गंगरेल धरण म्हणजे मिनी गोवा. सरगुज्यातलं मैनपाट म्हणजे छत्तीसगडचं सिमला. तिथं १९६०च्या दशकात तिबेटी निर्वासितांच्या वस्त्या वसल्या, त्यांची शेती आहे, मठ आहेत, पण आमच्या लोकांना सिमला. इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा पावसाळ्यात काठोकाठ भरून, तांबड्या मातीचं पाणी घेऊन, घोड्याच्या नालाच्या आकारात कोसळतो. बघत राहावं असं रूप. पण त्यालाही नायगारा म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. एखाद्याच्या लेकीला पाहून "अगदी देशपांड्यांच्या मुलीसारखी दिसते हो" म्हणावं, तसला हा अगोचरपणा. मुलगी ऐकून घेते, करते काय बिचारी.

राहता राहिलं भोरमदेव, म्हणजे 'छत्तीसगडचं खजुराहो'. हे नाव सगळ्यांना पाठ, पण त्याचा अर्थ काय होतो याचा विचार घरून निघताना कुणी करत नाही. एका सूनबाईंनी "निवांत आहे, आध्यात्मिक आहे" म्हणून सासूसासऱ्यांना तिकडं नेलं. कवर्ध्याच्या पुढं, मैकल डोंगरांच्या कुशीत, तळ्याच्या काठी अकराव्या शतकातलं शिवमंदिर. सासूबाई खूश, सासरे खूश. मग सासरे प्रदक्षिणा घालता घालता भिंतीजवळ गेले. थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. सासूबाईंनी काय झालं म्हणून मान वर केली आणि पदर सावरत एकदम म्हणाल्या, "चला, ऊन्ह होतंय." सकाळचे साडेआठ वाजले होते! सुनेनं बाजी सावरायला जवळच्या मडवा महालाकडं गाडी घेतली. फणिनागवंशी राजा रामचंद्राच्या लग्नाची आठवण, १३४९ सालची, मडवा म्हणजे आपला लग्नाचा मांडवच. तेव्हा इथं तरी सगळं घरंदाज असेल, असा तिचा हिशेब. मडवा महालाच्या बाहेरच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात ते आत्ता हसत असतील. त्या घरात अजून सहलीचा विषय निघाला की सासरे वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. म्हणे चेहरा दिसू नये म्हणून.

श्रावणातल्या रविवारचं काय सांगू? जतमई आणि घटारानी हे दोन धबधबे गरियाबंद जिल्ह्यात, रायपूरहून दोनेक तासांवर. दोन्हीकडं देवीची ठाणी, भोवती जंगल. कधीकाळी कुणीतरी लिहिलं की इथं फार शांत वाटतं. झालं! आता शांत वाटून घ्यायला अख्खं रायपूर-दुर्ग-भिलाई येतं. मोटारसायकलींची रांग, पिकअप गाडीत डीजे, पाण्यात उभे राहून एकमेकांवर ओरडणारे मित्रमंडळ. एका पोराला मी म्हटलं, बाळा, आवाज कमी कर ना. तो अगदी प्रेमानं म्हणाला, "आंटी, जगह कितनी शांत है, साउंड देखो कैसे घूम रहा है." यावर काय बोलणार? त्याचंही बरोबरच होतं. थर्माकोलच्या प्लेटा मात्र शांतपणे वाहत होत्या, त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

धबधब्याला सरकारी पायऱ्या आणि कठडे तरी आहेत. आता पोरांना त्याहून आडबाजूचं हवं म्हणून नवा रायपूरच्या बाजूच्या बंद पडलेल्या दगडखाणी सापडल्यात. खोल खड्डा, त्यात साठलेलं निळंशार पाणी, काठाला उतार नाही. त्या पाण्यात पोहायला उतरलेली पोरं बुडाली आहेत, ही चेष्टेची गोष्ट नाही. इशाऱ्याच्या पाट्या लागल्या. आता पाटी धरून फोटो काढतात.

तशी ही हौस आजची नाही म्हणा. आम्ही रायपूरकडचे मराठी लोक मुळातच आडवाटेला लागलेले. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर आला, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथंच राहून कारभार बघू लागले ते १७८७ मध्ये मरेपर्यंत. आमच्या मंडळातले जुने लोक अजून सांगतात की दसऱ्याला सोनं वाटायची रीत इकडं बिंबाजींनी रुजवली, मोडी कागदपत्रं त्यांच्या दरबारात चालू झाली. आणि त्यांनी रतनपूरला टेकडीवर राममंदिर बांधलं, ती जागा आजही रामटेकरी म्हणून ओळखली जाते. बघा म्हणजे! नागपूर सोडून एवढ्या जंगलात आले, आणि इथं येऊन काय केलं, तर रामटेकचीच आठवण उभी केली. मिनी गोवावाल्यांना हसायची आपल्याला सोय उरली नाही. ती खोड आपल्या राजघराण्यातून आलेली आहे.

आडवाटेचा खरा प्रवास कुणी केला असेल तर तो एका चौदा वर्षांच्या बंगाली मुलानं. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, घरच्यांबरोबर वडिलांकडं रायपूरला आले. रेल्वे नागपूरपर्यंतच होती, पुढचे कितीतरी दिवस बैलगाडी. वाटेत डोंगराच्या कपारीत मधमाश्यांचं प्रचंड पोळं पाहून तो मुलगा भान हरपून गाडीत तसाच पडून राहिला, असं त्यांच्या चरित्रात येतं. दोनेक वर्षं ते कुटुंब आमच्या बूढापाऱ्यात राहिलं. आज विमानतळाला त्यांचं नाव, बूढा तळ्याला त्यांचं नाव, तळ्याच्या मधोमध त्यांचा भला मोठा पुतळा, आणि पुतळ्याकडं पाठ करून उभी असलेली तरुण मंडळी फोन उंच धरून. तो नागपूर-रायपूर रस्ता आता आम्ही पाच तासांत उरकतो, आणि वाटेत डोंगर कुठं लागतो ते विचारलंत तर सांगता यायचं नाही. ढाबा विचारा, सांगतो.

आमच्या लहानपणी 'छोटी लाइन' होती. रायपूरहून धमतरीला जाणारी, अभनपूरला फाटा फुटून राजिमला जाणारी. खेळण्यातली वाटावी अशी गाडी, चालत्या गाडीतून उतरून पेरू घेऊन परत चढता येईल असा वेग. तिनं राजिमला जायचं, महानदीच्या रेतीतून चालत पात्रातल्या कुलेश्वराच्या देवळापर्यंत पोचायचं, राजीवलोचनाचं दर्शन घ्यायचं, डबा खाऊन परत. याला कुणी नाव दिलं नव्हतं. आता शहरातून जाणारी ती लाइन उखडून तिच्या जागी एक्सप्रेसवे झालाय. त्याच एक्सप्रेसवेवरून आमची मंडळी वाऱ्याच्या वेगानं निवांतपणा शोधायला निघतात. राजिमला मात्र कुणी थांबत नाही. तिथं म्हणे ओळखीचे भेटतात.

पण सगळ्यावर कडी केली ती 'मौन सिरपूर' सहलीनं. मीही गेले होते, खोटं कशाला बोलू? आठवडाभर ग्रुपवर नियमावली येत होती. गाणी नाहीत. मोठ्यानं बोलणं नाही. फोन सायलेंट. स्वतःशी संवाद साधायचा. आणि खाली लगेच, चिवडा कोण आणणार, साटोऱ्या कोण आणणार, पाण्याचे कॅन कुणाच्या गाडीत. तीन गाड्या निघाल्या. आरंगपर्यंत अंताक्षरी झाली, कारण मौन सिरपूरला सुरू व्हायचं होतं. पुढं महानदी ओलांडली, जंगल लागलं, तेव्हा कुणीतरी "श्श" केलं, आणि मग दिवसभर त्या "श्श"शिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. एका काकांनी तर पोपटांनाही केलं.

तरी सांगते, त्या लक्ष्मण मंदिरासमोर उभं राहिल्यावर मला ना श्श ऐकू आलं ना काका दिसले. दगडी जोत्यावर उभं असलेलं लाल विटांचं शिखर. वीट हो, साधी भाजलेली वीट! आपल्याकडं तीस वर्षांत बिल्डरची भिंत पोपडे धरते, आणि हे सातव्या शतकातलं. जवळ गेलात तर दिसतं की भिंतीत खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत; विटेतच कोरलेल्या खोट्या खिडक्या, त्यांना चौकटी, वर कमानी, कमानीत नक्षी. विटांचे सांधे डोळे बारीक करून शोधावे लागतात. दरवाजाची चौकट तेवढी दगडाची. वरच्या पट्टीवर शेषावर पहुडलेला विष्णू, बाजूच्या पट्ट्यांवर अवतार. विष्णूचंच हे देऊळ, लोकांनी त्याला लक्ष्मणाचं करून टाकलं. बांधलं कुणी, तर वासटा नावाच्या राणीनं. मगधाच्या सूर्यवर्म्याची लेक, हर्षगुप्ताची बायको. नवरा गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी तिनं हे उभं केलं. मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन, त्यानं पन्नासहून जास्त वर्षं राज्य केलं. आई विष्णूची, मुलगा शिवाचा, आणि राज्यात बौद्ध भिक्षूंचे विहार. आमच्याकडं एका घरात दोन गुरू असले की भांडी आपटतात.

हे विहार जमिनीखाली झाकलेले होते. १९५०च्या दशकात सागर विद्यापीठातर्फे इथं पहिलं मोठं उत्खनन केलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आपल्या माणसानं, आणि आनंदप्रभुकुटी विहार उजेडात आला. पुढं अरुणकुमार शर्मांनी या शतकात बराच भाग मोकळा केला. सुरंग टीला नावाचं उंच, पांढरट दगडांचं मंदिर त्यातलंच. त्याच्या पायऱ्या अशा लाटेसारख्या वाकल्यात की चढताना घेरी यावी. भूकंपानं वाकल्या असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. इथल्या धातुमूर्ती १९३९ मध्ये गावात सापडल्या, त्यातली तारादेवीची एक देखणी मूर्ती तर थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जाऊन बसलीये. मंडळाच्या हळदीकुंकवात तिला बोलावलं असतं तर पहिला नंबर कुणाचा आला असता, तुम्हीच सांगा.

आणि इथंच मला त्या सगळ्या मौनवाल्यांची कीव आली. ज्याला आम्ही 'किती शांत, किती शांत' म्हणत फिरत होतो, ते श्रीपूर होतं, दक्षिण कोसलाची राजधानी. इथं बाजार भरायचा, दुकानांच्या ओळी उत्खननात निघाल्यात. भिक्षू, व्यापारी, नावाडी, राणीचे कारागीर, सगळ्यांची ही गजबज. म्हणजे आपण शांत म्हणून जिथं जातो ती बहुतेकदा गर्दी उठून गेलेली जागा असते. गंगरेलचं पाणी संथ आहे, कारण त्याखाली गावं आहेत. बुडालेल्या गावची अंगारमोती देवी काठावर आणून बसवावी लागली. ती देवी काही गोवा बघायला तिथं आली नाही.

देवळाबाहेर एका बाईची चहाची टपरी होती. मौन सुटल्याबरोबर सगळे तिच्यावर तुटून पडले. आमच्यातल्या एकीनं तिला कौतुकानं सांगितलं, "आप कितनी लकी हो, रोज इतनी शांती!" ती चहा गाळता गाळता म्हणाली, "मनखे नइ आही त चहा कोन पीही, दीदी?" माणूस नाही आला तर चहा पिणार कोण? बुधवार-गुरुवारी तिचं दूध नासतं. आमचं मौन तिला परवडणारं नव्हतं. तिला हवा होता सिरपूरचा महोत्सव, म्हणजे आमच्या ग्रुपवर ज्या दिवसांत 'चुकूनही जाऊ नका' असं लिहून येतं तेच दिवस.

बस्तरचं तर बोलूच नये इतकं फॅड आहे. "जगदलपूरच्या पुढं एकदम अनटच्ड!" अहो, अनटच्ड का राहिलं ते विचारा की. किती वर्षं तिथं संध्याकाळनंतर रस्त्यावर वाहन दिसत नव्हतं, माओवाद्यांचे सुरुंग होते, चकमकी होत्या, सलवा जुडूमच्या काळात गावंच्या गावं ओस पडली. ती शांतता कुणी हौसेनं पाळलेली नव्हती. दंतेवाड्यात फरसपालजवळ ढोलकल नावाचा सुळका आहे. त्याच्या टोकावर, पायाखाली दरी आणि पुढं बैलाडिलाचे डोंगर, असा नागवंशी काळातला दगडी गणपती बसलेला. शेकडो वर्षं बसला होता, आजूबाजूच्या गावांना तो माहीतच होता. २०१२च्या सुमारास त्याचे फोटो गाजले आणि जगाला तो 'सापडला'. जानेवारी २०१७ मध्ये तो तिथं नव्हता. दरीत तुकडे होऊन पडला होता. संशय माओवाद्यांवर गेला. गावकऱ्यांनी आणि प्रशासनानं तुकडे वेचून आणले, पुरातत्त्ववाल्यांनी जोडले, परत तिथंच बसवला. आता तुम्ही जो फोटो बघून हेवा करता तो त्या जोडलेल्या गणपतीचा. वर लिहिलेलं असतं, 'अस्पर्शित'.

त्याच बस्तरात कांगेर खोऱ्यात धुडमारास नावाचं गाव आहे. धुरवा आदिवासींचं. त्यांनी वाट बघितली नाही की कुणी येऊन आपल्याला शोधून काढेल. स्वतःच घरात पाहुणे ठेवायला लागले, कांगेर नदीत बांबूचे तराफे सोडले, जेवण त्यांच्या हातचं, वाट दाखवणारा त्यांचा पोरगा. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं जगभरातली वीस गावं आपल्या उन्नती कार्यक्रमात घेतली, त्यात हे एक. तिथं गेलेली एक मैत्रीण नाराज होऊन परतली. म्हणाली, "दुसरेही लोक होते गं." म्हटलं, अगं बाई, तू त्यांच्या घरी गेली होतीस, पाहुणे असणारच!

तरी कुणाला खरोखरच चिटपाखरू नसलेली जागा हवी असेल तर सांगते, पण हळूच. घडी चौकाजवळ महंत घासीदास संग्रहालय आहे. राजनांदगावच्या राजानं १८७५ मध्ये काढलेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. सिरपूरच्या धातुमूर्ती तिथं आहेत, कोरीव लेख आहेत. काखेत कळसा म्हणतात तो हाच. भर शहरात, भर दुपारी आत जा, तुमच्या चपलांचा आवाज तुम्हाला ऐकू येईल. आणि त्याच आवारात, पन्नास पावलांवर, गढकलेवा. तिथं चीला, फरा, ठेठरी खायला पाय ठेवायला जागा नाही. एकीकडं हजार वर्षांच्या मूर्ती एकट्या, दुसरीकडं टोकन घेऊन उभे असलेले दोनशे लोक, आणि त्या दोनशेंत निदान दहाजण फोनवर शोधत असतात, 'रायपूरजवळची शांत ठिकाणं'. मी खात होते फरा, म्हणून बोलले नाही.

मौन सहलीची पुढची तारीख जाहीर झालीये, यावेळी पाच गाड्या आहेत. अमरकंटककडं म्हणतात. नोंदणी फुल्ल. दोन जणी वेटिंगवर आहेत आणि एकीनं वशिला लावलाय म्हणे, शांततेत जागा मिळावी म्हणून! मी नाव दिलेलं नाही. मला विचाराल तर त्यापेक्षा आरंगला जा. रायपूरपासून पस्तीस-छत्तीस किलोमीटर, सिरपूरच्या वाटेवरच, महामार्गाला लागून. सगळे तिथून ऐंशीच्या वेगानं पुढं जातात, आमच्या अंताक्षरीवाल्यांसकट. गावात भांड देऊळ म्हणून जैन मंदिर आहे, अकराव्या-बाराव्या शतकातलं. पाया चांदणीच्या आकाराचा, भिंती खालपासून वरपर्यंत कोरलेल्या, आत काळ्या गुळगुळीत दगडाचे तीन तीर्थंकर. भोवती लोकांची घरं आहेत. धबधबा नाही, तळं निळं नाही, ते कुठल्याच दुसऱ्या गावासारखं दिसत नाही. मुलांना न्या, बोलू द्या त्यांना मोठ्यानं, बघून झालं की गावातच चहा घ्या. आणि हो, दहा रुपयांच्या चहाला पाचशेची नोट काढू नका.